ड्राफ्ट त्यांचा चालतो, आरक्षण आपलं खुपतं

दरवर्षी जून महिन्यात एनबीए ही अमेरिकेतली, जगातली सर्वात श्रीमंत बास्केटबॉल लीग एक कार्यक्रम करते. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कॉलेजांतून आणि परदेशातून आलेले तरुण खेळाडू कोणत्या संघात जाणार, हे त्या दिवशी ठरतं. आधी निवडायचा हक्क कोणाला? सगळ्यांना हरवणाऱ्या संघाला नाही. जे संघ हंगामभर मार खात राहिले, त्यांना. १९८५ पासून त्यात सोडत आली. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा तळाच्या तीन संघांना पहिली निवड मिळण्याची प्रत्येकी १४ टक्के शक्यता देण्यात आली. सर्वाधिक सामने जिंकणारा संघ रांगेत शेवटी उभा राहतो.

भारतात हा कार्यक्रम पहाटे साडेपाचच्या सुमारास दिसतो. दिल्लीतल्या वसतिगृहांमध्ये, गुडगाव-नोएडाच्या सोसायट्यांमध्ये तो बघायला मुलं गजर लावून उठतात. अंगात लेकर्सची नाहीतर वॉरियर्सची जर्सी असते. कोणत्या कमकुवत संघाला कोण मिळावा यावर तासन्‌तास वाद घालतात. मी दिल्लीत समाजशास्त्रात पीएचडी करते आहे, आणि हे वाद मी भरपूर ऐकले आहेत. हरलेल्या संघाला आधी निवड देणं म्हणजे जिंकणाऱ्याच्या मेरिटवर अन्याय आहे, असं म्हणणारा एकही मुलगा मला अजून भेटलेला नाही. पण त्याच दिवशी दुपारी विद्यापीठाची प्रवेश यादी लागली, की त्याच तोंडातून ‘कट-ऑफ’, ‘कोटा’ आणि ‘देशाचं नुकसान’ हे शब्द बाहेर पडतात.

या दुटप्पीपणाचा हिशेब मांडायचा आहे. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची व्यावसायिक लीग चालते कशी, हे आधी नीट समजून घेऊ.

लीग म्हणजे मोकळं मैदान नव्हे

एनबीएमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघाचा मालक वेगळा, शहर वेगळं, कमाई वेगळी. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या संघाकडे जेवढा पैसा येतो, तेवढा मेम्फिसच्या संघाकडे येणं शक्य नाही. सगळं बाजारावर सोडलं तर चार श्रीमंत शहरं सगळे चांगले खेळाडू विकत घेतील, बाकीचे २६ संघ शोभेला उरतील आणि पाच वर्षांत प्रेक्षक कंटाळून उठून जातील.

हे मालकांना कळतं. म्हणून त्यांनी नियम केले. पहिला नियम ड्राफ्टचा. दुसरा, पगाराच्या मर्यादेचा. १९८४-८५ च्या हंगामापासून एका संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याला मर्यादा आहे आणि ती फार ओलांडणाऱ्या श्रीमंत संघाला दंडासारखा कर भरावा लागतो. तिसरा नियम वाटणीचा. राष्ट्रीय टीव्ही हक्कांचे पैसे तीसही संघांत सारखे वाटले जातात. त्याशिवाय जास्त कमावणाऱ्या संघांकडून कमी कमावणाऱ्यांकडे पैसा वळवण्याची व्यवस्था आहे.

म्हणजे काय झालं? जगातल्या सर्वात भांडवलशाही देशातली सर्वात झगमगती लीग मागे पडलेल्याला आधी संधी देण्यावर, पुढे गेलेल्याला लगाम घालण्यावर आणि सामायिक कमाई सारखी वाटण्यावर उभी आहे. सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करून ‘पळा आता’ म्हटलं की न्याय्य स्पर्धा होते, ही थाप तिथे कोणीही खपवून घेत नाही. स्पर्धा आपोआप निर्माण होत नाही, ती नियम करून घडवावी लागते.

आता कोणी म्हणेल, ड्राफ्टचा आणि सामाजिक न्यायाचा काय संबंध? ड्राफ्ट मालकांच्या धंद्यासाठी आहे. उलट कोणत्या संघात जायचं हे ठरवण्याचा तरुण खेळाडूचा हक्क तो काढून घेतो. ही गोष्ट पूर्णपणे खरी आहे. ड्राफ्ट म्हणजे आरक्षण, असं मी म्हणतच नाही. आरक्षण हा शतकानुशतकं नाकारलेल्या माणसांचा प्रतिनिधित्वाचा घटनात्मक हक्क आहे, ड्राफ्ट हा तीस श्रीमंतांनी आपसात केलेला समझोता आहे. माझं म्हणणं एवढंच, की स्वतःच्या नफ्याचा प्रश्न आला की श्रीमंतांनासुद्धा विषमता घातक वाटते आणि ती कमी करायला ते बिनदिक्कत नियम करतात. तेव्हा मेरिट आडवं येत नाही. मेरिट आडवं येतं ते रोहित, पायल यांच्या वाटेत.

हक्क कोणी दिले नाहीत, घ्यावे लागले

एनबीएचं कौतुक इथेच थांबवलं पाहिजे, कारण त्या लीगचा दुसरा भाग मालकांनी लिहिलेला नाही. १९५० मध्ये अर्ल लॉइड हा एनबीएच्या सामन्यात उतरणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. १९५४ मध्ये खेळाडूंची युनियन स्थापन झाली, पण मालक तिला दहा वर्षं मोजत नव्हते. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनला ऑल-स्टार सामना होता, टीव्हीवर थेट दिसणार होता. पेन्शनचं आश्वासन मिळाल्याशिवाय आम्ही मैदानात येणार नाही, असं सांगून देशातले सर्वोत्तम खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. सामन्याची वेळ टळत चालली तेव्हा मालक नमले.

पुढच्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन युनियनचे अध्यक्ष झाले. कृष्णवर्णीय, गरिबीतून आलेला, आपल्या काळातला सर्वात मोठ्या खेळाडूंपैकी एक. १९७० मध्ये त्यांच्या नावाने खेळाडूंनी लीगविरुद्ध दावा लावला. करार संपल्यावरही खेळाडू संघाच्या मालकीचा कसा राहतो, हा त्यातला सवाल होता. १९७६ च्या तडजोडीतून खेळाडूंना संघ बदलण्याच्या हक्काची वाट मोकळी झाली. आज तिथे मालक आणि युनियन यांच्यात सामूहिक करार होतो आणि खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास अर्धा वाटा खेळाडूंना जातो. सर्वात खालच्या खेळाडूचाही किमान पगार करारात लिहिलेला असतो.

आणि तरीसुद्धा, सुमारे ७० टक्के खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या या लीगमध्ये बहुमताची मालकी असलेला कृष्णवर्णीय माणूस कित्येक वर्षं एकच होता, मायकल जॉर्डन. २०२३ मध्ये त्यानेही आपला शार्लटचा संघ विकला. घाम एकाचा, गल्ला दुसऱ्याचा, हे तिथेही संपलेलं नाही. फरक एवढाच, की तिथे हे आकड्यांत सांगता येतं. मोजणीच्या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्याकडची लीग

भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० चा. १९५० पासून २०१० पर्यंत साठ वर्षांत या महासंघाने एकही व्यावसायिक लीग उभी केली नाही. २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी ३० वर्षांचा करार झाला. खेळ बदलणार, लीग येणार, अशा घोषणा झाल्या. त्या करारातून व्यावसायिक लीग उभी राहिली नाही. २०१५ मध्ये युबीए नावाची खाजगी लीग आली, आठ संघ, चार हंगाम. २०१७ नंतर तीही संपली. त्याच २०१५ मध्ये महासंघात दोन गट पडून दोन वेगवेगळ्या निवडणुका झाल्या होत्या आणि खरा महासंघ कोणता, हाच वाद चालू होता. २०२२ मध्ये महासंघाच्या मान्यतेने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग, म्हणजे आयएनबीएल, सुरू झाली. सहा शहरांच्या नावाचे सहा संघ होते, कोचीपासून बेंगळुरूपर्यंत फेऱ्या झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये तिची २५ वर्षांखालील आवृत्ती दिल्लीत त्यागराज स्टेडियममध्ये झाली. संघांच्या नावात चेन्नई, हैदराबाद, मुंबई, पंजाब, गुजरात होतं आणि सगळ्यांचं मैदान एकच, दिल्लीचं.

याला कोणी हसण्याचं कारण नाही, नवी लीग अशीच रांगत सुरू होते. प्रश्न वेगळा आहे. या सगळ्या लीगांनी एनबीएकडून काय उचललं आणि काय सोडलं? संघांची इंग्रजी नावं उचलली, लोगो उचलले, निवेदकाचा आवाज उचलला, परदेशी खेळाडू आणले. सोडली ती युनियन, सामूहिक करार, किमान पगाराचा जाहीर आकडा आणि उत्पन्नाच्या वाट्याची अट. आपल्याकडे लीगसमोर बसून करार करणारी बास्केटबॉलपटूंची संघटना नाही. महासंघ, हक्क विकत घेणारी कंपनी आणि संघमालक हे तीन पक्ष टेबलाशी बसतात. चौथा पक्ष, ज्याच्या गुडघ्यांवर हा सगळा डोलारा उभा आहे, तो बोलावल्यावर येतो आणि सांगितल्यावर जातो.

‘पुणे पेशवाज’

युबीएच्या आठ संघांपैकी पुण्याच्या संघाचं नाव होतं ‘पुणे पेशवाज’. एकविसाव्या शतकात, एका राष्ट्रीय लीगमध्ये, छातीवर ‘पेशवे’ लिहून खेळाडू मैदानात उतरले.

नावात काय आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. पेशवाईत अस्पृश्यांनी गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून पुण्यात वावरायचं, म्हणजे थुंकी जमिनीवर पडू नये आणि पावलांच्या खुणा उरू नयेत, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये नोंदवलं आहे. ज्याच्या पावलाचा ठसासुद्धा जमिनीवर चालत नव्हता, त्याच्या नातवा-पणतवाने त्याच पुण्याच्या नावाने खेळायचं असेल तर पेशव्यांची जर्सी घालून खेळायचं! १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला काय झालं, हे त्या लीगच्या नामकरण समितीत कोणाला ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार आहे. मला तेच जास्त गंभीर वाटतं. ज्या खोलीत हे नाव ठरलं त्या खोलीत ‘थांबा’ म्हणणारं एकही माणूस नव्हतं. प्रतिनिधित्वाची गरज काय, असं विचारणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे आहे.

आणि पुण्याला दुसरी नावं नव्हती का? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा उघडली ती याच शहरात. पळवंकर बाळू नावाच्या चांभार मुलाने पुण्याच्या क्लबांत मैदानाची निगा राखता राखता गोऱ्यांना गोलंदाजी टाकली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले आणि तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळायला १९२३ उजाडावं लागलं. बाळूला चेंडू हातात देणारी माणसं होती. हुकूम देण्याची जागा मात्र त्याला नाकारली गेली. खेळात जात कुठे दिसते? तिथेच दिसते.

‘चेंडू जात विचारत नाही’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. चेंडू विचारत नाही, गल्ली विचारते. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरला, तेव्हा वंदना कटारिया या खेळाडूच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ झाली. त्याच स्पर्धेत तिने हॅटट्रिक केली होती.

पगार कोण देतं?

भारतीय बास्केटबॉलपटू जगतो कशावर? लीगवर नाही. तो जगतो रेल्वे, ओएनजीसी, सैन्यदल, इंडियन ओव्हरसीज बँक अशा सरकारी आस्थापनांतल्या नोकरीवर. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं रेल्वे आणि सैन्यदलांचे संघ पुढे दिसतात ते याचमुळे. लीग चालते काही आठवडे, महिन्याच्या एक तारखेचा पगार येतो सार्वजनिक क्षेत्रातून. म्हणजे खाजगी लीगचा खरा प्रायोजक जर्सीवर ज्याचं नाव छापलेलं आहे तो नाही, सरकारी तिजोरी आहे. वर्षभर ज्याला सरकारने पोसलं, त्याला लीग थोड्या दिवसांसाठी वापरून घेते.

केंद्राच्या गट ‘क’ मधल्या थेट भरतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जागा खेळाडूंना देता येतात. महाराष्ट्रात २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. घरातली पहिली पदवी घेणाऱ्या आणि सोबत खेळणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी ही खिडकी फार मोलाची. मग या खिडकीचं काय केलं ते बघा. १३ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाने राज्यात असा अर्थ लावला गेला, की खुल्या प्रवर्गातल्या महिला किंवा खेळाडूंच्या समांतर जागांवर मागास प्रवर्गातला उमेदवार, गुण जास्त असले तरी, हक्क सांगू शकत नाही. म्हणजे ‘खुला’ हा शब्द चक्क ‘सवर्णांसाठी राखीव’ असा वाचला गेला. किती मुलींची, किती खेळाडूंची नावं त्या यादीतून गळली असतील! राज्याने २०१८ मध्ये ही भूमिका बदलली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात स्पष्ट केलं, की खुला प्रवर्ग हा कोणत्याही जातीचा कोटा नाही. तो सर्वांना खुला आहे आणि समांतर जागांनाही हेच तत्त्व लागू आहे.

मेरिटवाल्यांनी इथे टाळ्या वाजवायला हव्या होत्या, कारण हा निकाल शब्दशः मेरिटच्या बाजूने होता. टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

आता सार्वजनिक क्षेत्रच आकसत चाललं आहे. एखादा उपक्रम विकला की त्याबरोबर आरक्षण जातं, हे आपण जाणतो. त्याबरोबर क्रीडा कोटाही जातो आणि त्या उपक्रमाचा संघही जातो, हे कोणी बोलत नाही. उद्या खेळाडू फक्त खाजगी लीगच्या भरवशावर राहिला, तर ज्याच्या घरी दोन वर्षं बसून खायची सोय आहे तोच टिकेल. तो कोण असेल, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

रिंग कोणाच्या दारात आहे?

बास्केटबॉलला गरिबांचा खेळ म्हणतात. एक चेंडू, एक रिंग, झालं. पण ती रिंग कुठे रोवली आहे? मुंबईत नागपाड्याला बघा. दाटीवाटीची, कष्टकरी, बहुतांश मुस्लिम वस्ती. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं. पुढे १९३६ मध्ये त्याच वास्तूत समाजकार्याचं जे शिक्षण सुरू झालं, ते आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. त्या वस्तीत मस्तान वायएमसीएचं कोर्ट होतं, सार्वजनिक मैदान होतं. आणि तिथून अब्बास मुंतसिरसारखा खेळाडू निघाला, भारताचा कर्णधार झाला, अर्जुन पुरस्कार घेऊन आला. नागपाड्याच्या पाण्यात काही विशेष नव्हतं. दारात कोर्ट होतं, आणि त्याला फी नव्हती.

आता दिल्लीकडे या. चांगली कोर्टं आहेत ती मोठ्या खाजगी शाळांच्या भिंतींच्या आत, गेटवर पहारेकरी. शहर सुंदर करण्यासाठी उठवलेल्या वस्त्या जिथे नेऊन टाकल्या, त्या बवाना आणि सावदा घेवरासारख्या पुनर्वसन वसाहतींमधून कॅनॉट प्लेसला यायलाच दीड-दोन तास जातात. सरकारी स्टेडियम आहेत, पण ती कोणासाठी? २०२२ मध्ये त्यागराज स्टेडियमबद्दल वर्तमानपत्रात बातमी आली, की खेळाडूंना संध्याकाळी सातच्या आसपास सराव आटोपायला लावतात आणि नंतर तिथे एक सनदी अधिकारी आपलं कुत्रं फिरवतो. अधिकाऱ्याने आरोप नाकारला. त्याची बदली झाली आणि दिल्ली सरकारने आपली स्टेडियम रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. एका बातमीने हे होऊ शकलं, म्हणजे अडचण पैशांची नव्हती.

मे २०१७ मध्ये एनबीएने आपली भारतातली अकादमी सुरू केली ती ग्रेटर नोएडातल्या जेपी ग्रीन्सच्या क्रीडा संकुलात. गोल्फ कोर्स, व्हिला, कमानी असलेला परिसर. जिल्ह्याचं नाव गौतम बुद्ध नगर. निवड चाचण्यांतून घेतलेल्या वीस-बावीस मुलांना राहणं, शिक्षण, प्रशिक्षण शिष्यवृत्तीवर. त्या मुलांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण जिथे शेतजमिनी जाऊन टाऊनशिप आल्या, तिथे मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतो. त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीन दलित मजुराला नाही. त्याचा मुलगा त्या संकुलाच्या आत जातो तो बहुधा माळी, सफाई कामगार किंवा सुरक्षा रक्षक म्हणून. वीस मुलांची अकादमी म्हणजे क्रीडाविकास नव्हे. दोनशे वस्त्यांत दोनशे रिंगा, प्रत्येक रिंगेमागे पगारी प्रशिक्षक आणि रात्री दिवा, याला विकास म्हणतात.

आधी मोजा

अमेरिकेत रिचर्ड लॅपचिक यांच्या संस्थेने वर्षानुवर्षं एनबीएचं वंश आणि लिंग प्रगतिपुस्तक काढलं. किती खेळाडू, किती प्रशिक्षक, किती अधिकारी, किती मालक कोणत्या समूहाचे, याचे आकडे आणि त्यावर श्रेणी. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने २०१६ मध्ये ठरवलं, की हंगामाच्या सरासरीत राष्ट्रीय संघात किमान सहा कृष्णवर्णीय व इतर वंचित समूहांचे खेळाडू असतील, त्यांतले किमान दोन आफ्रिकी कृष्णवर्णीय. वाद झाले, आजही होतात. संघ मात्र बुडाला नाही.

आपल्याकडे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू, शिवाय खेळाडूंची समिती. ही पावलं चांगली आहेत आणि त्यांचं स्वागत केलं पाहिजे. पण ज्या कायद्याला महिलांसाठी आकडा लिहिता आला, त्याला अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी एक ओळ लिहिता आली नाही. त्या चार महिलांमध्ये आपली एकही नसली तरी कायदा पाळला गेला असंच म्हणतील. जातीय जनगणनेची घोषणा ३० एप्रिल २०२५ ला झाली. देशाची जात मोजायची आणि महासंघाची नाही, हे कसलं गणित?

माणूस बदलून हे सुटेल, या भ्रमात राहू नये. २०२३ मध्ये महासंघाचे अध्यक्ष झालेले आधव अर्जुन पुढच्या वर्षी विदुथलै चिरुथैगल कच्ची या जातिविरोधी पक्षाचे पदाधिकारी होते, नंतर दुसऱ्या पक्षात गेले. अध्यक्ष जातिविरोधी पक्षात असतानाही लीगच्या रचनेत प्रतिनिधित्वाची अट आली नाही. चेहऱ्याने नियम बदलत नाही. नियमाने चेहरे बदलतात.

म्हणून मागण्या साध्या आहेत. महासंघाने मान्यता दिलेल्या प्रत्येक लीगमध्ये किमान पगार आणि उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा जाहीर करावा. खेळाडूंच्या संघटनेला करार करण्याचा हक्क द्यावा. शहराचं नाव वापरणाऱ्या प्रत्येक संघाने त्या शहराच्या वस्त्यांमध्ये विनाशुल्क कोर्टं चालवावीत. आणि खेळाडू, प्रशिक्षक, पंच, निवड समिती, पदाधिकारी यांची सामाजिक आकडेवारी, व्यक्तींची नावं न देता, दरवर्षी छापावी.

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात. बापाने अंगठा उठवला असेल, तुम्ही अर्ज लिहिता. सरकारी अनुदान घेणारा क्रीडा महासंघ माहिती अधिकाराच्या कक्षेत येतो आणि अर्जाची फी दहा रुपये आहे. विचारा: तुमच्या निवड समितीत कोण आहे, ते कसे निवडले? लीगचे हक्क कोणत्या कंपनीला, किती वर्षांसाठी, किती रुपयांना दिले? त्यातून खेळाडूंना किती गेले? अनुदानातून किती कोर्टं बांधली, कोणत्या वस्तीत? उत्तर आलं तर प्रसिद्ध करा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं, तर ते आधी प्रसिद्ध करा.

आणि पुढच्या जूनमध्ये पहाटे उठून ड्राफ्ट बघणारा मित्र मेरिटवर बोलायला लागला, तर त्याला एवढंच विचारा: पहिली निवड कोणाला मिळाली, आणि का?

जय भीम!